अभ्यासनिबंध कसा लिहायचा: प्रश्न हातात पडल्यापासून शेवटच्या तपासणीपर्यंत

'निबंध' म्हटलं की डोळ्यांसमोर शाळेतला निबंध उभा राहतो. सुरुवातीला सुभाषित, मध्ये वर्णन, शेवटी 'म्हणून आपण सर्वांनी...' अशी हाक. पदवीच्या आणि त्यापुढच्या अभ्यासात जो निबंध मागतात त्याचं नाव तेच, पण जात वेगळी. तिथे वर्णनाला फारसे गुण नसतात, हाकेला तर नसतातच. एक प्रश्न असतो, त्यावर तुमचं उत्तर असतं आणि ते उत्तर का पटावं याची पुराव्यानिशी मांडणी असते. वाचणाऱ्याला तुमचं म्हणणं पटेलच असं नाही, पण तुम्ही तिथवर कोणत्या पायऱ्यांनी आलात हे त्याला तपासून पाहता आलं पाहिजे.

नुसते नियम वाचून हे हाती लागत नाही, म्हणून एकच उदाहरण घेऊन पुढे जाऊ. समजा, १५०० शब्दांच्या निबंधासाठी हा प्रश्न आला आहे: '१८५४ च्या लंडनमधील कॉलऱ्याच्या साथीत ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचे हँडल काढण्याला कितपत महत्त्व द्यावे? चिकित्सा करा.'

प्रश्न आधी फोडा

प्रश्न कागदावर उतरवून घ्या आणि त्यातल्या तीन गोष्टींवर खुणा करा: विषय कोणता, त्याची मर्यादा कुठवर आणि तुमच्याकडून नेमकी कोणती कृती मागितली आहे. वरच्या प्रश्नात विषय आहे हँडल काढण्याची घटना. मर्यादा आहे १८५४, लंडन, एक पंप. कृती आहे 'कितपत' आणि 'चिकित्सा'.

बहुतेकांचे गुण जातात ते कृतीच्या शब्दावर. 'स्पष्ट करा' म्हणजे एखादी गोष्ट कशी घडते किंवा का घडते ते उलगडून दाखवा. 'तुलना करा' म्हणजे एकाच निकषावर दोन्ही बाजू शेजारी ठेवा. आधी एकीवर दोन पानं आणि मग दुसरीवर दोन पानं लिहिली तर ती तुलना होत नाही, ती दोन टिपणं होतात. 'चर्चा करा' यात निरनिराळी मतं येतात, पण शेवटी तुमचा कल कुठे हेही सांगावं लागतं. 'मूल्यमापन करा', 'चिकित्सा करा' आणि 'कितपत' या तिन्हींना निवाडा हवा असतो. 'कितपत'चं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं क्वचितच असतं. 'या बाबतीत बरंच, त्या बाबतीत थोडं, आणि याचं कारण असं' या घाटाचं उत्तर तिथे अपेक्षित असतं.

आपल्या प्रश्नावर, कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो असं मानणाऱ्या आणि हँडल काढायला सांगणाऱ्या जॉन स्नो या डॉक्टरचं चरित्र लिहून दिलं तर ते कितीही सुरेख असलं तरी उत्तर ठरणार नाही. विषयाबद्दल माहीत आहे ते सगळं ओतणं ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक, आणि तिची सुरुवात इथेच होते: प्रश्न नीट न वाचल्यामुळे काय गाळायचं ते ठरवता येत नाही.

वाचन आणि टिपणं

१५०० शब्दांसाठी सहा ते दहा चांगले स्रोत पुरतात. वीस गोळा केले तर प्रत्येकाला एकेक वाक्य मिळतं आणि निबंधाची नुसती यादी होते. क्रमही महत्त्वाचा. आधी एखादं पाठ्यपुस्तक किंवा ज्ञानकोशातली नोंद वाचून घटनाक्रम समजून घ्या. हे वाचन तुमच्यासाठी, उद्धृत करण्यासाठी नव्हे. मग त्या विषयावरचे तज्ज्ञांनी तपासून प्रसिद्ध केलेले दोन-चार लेख. त्यांच्या संदर्भसूचीत वारंवार दिसणारी नावं टिपा, पुढचं वाचन तिथूनच सापडतं. शेवटी प्राथमिक साधन, म्हणजे त्या काळचं मूळ लेखन, अहवाल, आकडे. आपल्या उदाहरणात ते स्नोचं १८५५ मध्ये प्रसिद्ध झालेलं विवेचन.

टिपण काढताना प्रत्येक नोंदीत चार गोष्टी हव्यात: लेखक, वर्ष, पृष्ठक्रमांक आणि ही नोंद कोणत्या प्रकारची आहे याची खूण. प्रकार तीन: शब्दशः उतरवलेलं (अवतरणचिन्हांत), स्वतःच्या शब्दांत मांडलेलं, आणि तुमचा स्वतःचा विचार. तिन्हींसाठी वेगळे रंग किंवा वेगळी अक्षरं ठेवा: 'श', 'स', 'वि' एवढंही चालतं. ही खूण नसेल तर आठवड्यानंतर वहीतलं देखणं वाक्य तुमचं की दुसऱ्याचं हे तुम्हालाही सांगता येत नाही. नकळत होणारं वाङ्मयचौर्य बहुधा असं, टिपणवहीतच जन्माला येतं.

वाचताना प्रश्न समोर ठेवा. या उदाहरणात हाती लागणारी मुख्य तथ्यं अशी: ब्रॉड स्ट्रीट जिथे आहे त्या सोहो भागात ३१ ऑगस्ट १८५४ च्या सुमारास साथ एकाएकी भडकली. स्नोच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबरला पंपाचं हँडल काढलं गेलं. तोपर्यंत बरेच लोक वस्ती सोडून गेले होते आणि नव्या लागणी घटू लागल्या होत्या. हँडल काढल्यानेच साथ थांबली का हे ठरवणं शक्य नाही, अशी कबुली खुद्द स्नोनेच दिली आहे. मृत्यू कुठे झाले ते दाखवणारा त्याचा प्रसिद्ध नकाशा छापून आला तो साथ ओसरल्यानंतर. त्याच वर्षी त्याने दक्षिण लंडनमध्ये दोन पाणीपुरवठा कंपन्यांच्या ग्राहकांमधल्या मृत्यूंची तुलनाही केली होती. एवढी सामग्री जमली की प्रचलित गोष्ट, म्हणजे 'नकाशा काढला, पंप सापडला, हँडल काढलं, साथ थांबली', जागोजागी तडकलेली दिसू लागते. निबंधाला विषय मिळतो तो या तड्यांतून.

मुख्य विधान

आता एका किंवा दोन वाक्यांत प्रश्नाचं उत्तर लिहा. हेच निबंधाचं मुख्य विधान. उरलेला निबंध त्याला जामीन राहण्यासाठी असतो.

पहिला प्रयत्न बहुधा असा उतरतो: 'या निबंधात ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचे महत्त्व तपासले आहे.' हे विधान नाही, ही पाटी आहे. दुसरा प्रयत्न: 'पंपाचे हँडल काढणे ही सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातील महत्त्वाची घटना होती.' हे विधान आहे, पण त्याला नाही म्हणणारा कोणी भेटणार नाही, म्हणून त्यासाठी १५०० शब्द खर्च करण्यात अर्थ नाही. तिसरा: 'हँडल काढल्यामुळे साथ थांबली हे सिद्ध करता येत नाही, कारण त्याआधीच मृत्यू घटू लागले होते, स्नोचा खरा पुरावा पंपाचा नसून दोन पाणीपुरवठा कंपन्यांच्या तुलनेचा आहे.'

तिसऱ्यात तीन गोष्टी आल्या. कोणी समजदार माणूस विरोध करू शकेल असा दावा आहे. 'कारण' आहे. आणि निबंध कोणत्या क्रमाने जाईल याची दिशा आहे. आपलं विधान पारखायचं असेल तर त्याच्या आधी 'हे खरे नाही की' जोडून वाचा. उलटं वाक्य वेडगळ वाटलं तर मूळ विधान फारच सपक आहे. उलटं वाक्यही कोणी गांभीर्याने मांडू शकेल असं वाटलं तर विधानात जीव आहे.

हे विधान कोरीव लेखासारखं पक्कं समजू नका. कच्चा खर्डा लिहिताना ते बदलतं आणि बदलायलाच हवं. आपलंही पुढे बदलणार आहे.

आराखडा आणि शब्दांची वाटणी

१५०० शब्दांत प्रस्तावनेला साधारण १५०, समारोपाला १५०, उरलेले १२०० मधल्या भागाला. एक परिच्छेद १८० ते २५० शब्दांचा धरला तर पाच किंवा सहा परिच्छेद होतात. म्हणजे मुद्दे पाच-सहाच. अकरा मुद्दे सुचले असतील तर पाच निवडा. उरलेल्यांचा मोह आवरा.

आराखड्यात मुद्द्यांची शीर्षकं लिहू नका, पूर्ण वाक्यं लिहा. 'नकाशा' असं लिहिलं तर त्या परिच्छेदात काय म्हणायचं आहे ते तुम्हालाच ठाऊक नाही. 'नकाशा छापला गेला तो हँडल काढल्यानंतर, म्हणून नकाशाने पंप शोधून दिला असे म्हणता येत नाही' असं लिहिलं की परिच्छेद निम्मा झाला. अशी पाच वाक्यं एकाखाली एक वाचा. त्यांच्यामध्ये 'म्हणून', 'पण', 'कारण' असे शब्द सहज बसत असतील तर मांडणी पुढे सरकते आहे. सगळीकडे 'तसेच' आणि 'शिवाय' एवढंच बसत असेल तर ती मुद्द्यांची मोळी आहे; क्रम उलटसुलट केला तरी काही बिघडणार नाही, आणि हेच तिचं दुखणं.

शब्दमर्यादेबद्दल एक गोष्ट आधीच पाहून ठेवा. काही ठिकाणी १० टक्के कमी-जास्त चालतं, काही ठिकाणी एक शब्दही जास्त चालत नाही. संदर्भसूची आणि तळटीपा मोजतात की नाही हेही जागोजागी वेगळं असतं. सूचनापत्रक वाचायला पाच मिनिटं लागतात.

परिच्छेद

निबंध चांगला की वाईट हे परिच्छेदात ठरतं, त्यामुळे इथे थोडं रेंगाळू. आधी एक कमकुवत नमुना पाहा:

'जॉन स्नो हे एक महान डॉक्टर होते. त्यांनी अतिशय मेहनत घेऊन साथीचा अभ्यास केला. त्या काळी लंडनमध्ये प्रचंड अस्वच्छता होती. पाणीपुरवठा करणाऱ्या कंपन्या दूषित पाणी देत होत्या. स्नो यांच्या कार्यामुळे असंख्य लोकांचे प्राण वाचले आणि आजही त्यांचे नाव आदराने घेतले जाते.'

यात खोटं फारसं काही नाही. तरी हा परिच्छेद उभा राहत नाही. पाच वाक्यं पाच दिशांना जातात, एकाही वाक्याला आधार दिलेला नाही, आणि 'महान', 'अतिशय', 'प्रचंड', 'असंख्य' हे शब्द पुराव्याच्या जागी येऊन बसले आहेत. आता त्याच जागी हा:

'स्नोच्या मताला सर्वांत भक्कम आधार मिळतो तो दक्षिण लंडनमधील घरांच्या तुलनेतून. तेथे दोन कंपन्यांचे नळ एकाच वस्तीत, अनेकदा एकाच रस्त्यावर, शेजारी-शेजारी होते. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये टेम्स नदीतून पाणी उचलण्याची जागा शहराच्या वरच्या अंगाला हलवली होती. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मात्र शहराचे सांडपाणी मिसळलेले पाणीच उचलत राहिली. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दर १०,००० घरांमागे लॅम्बेथच्या ग्राहकांत ३७ मृत्यू झाले, तर दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकांत ३१५ (स्नो, १८५५). दोन्हींचे ग्राहक एकाच हवेत आणि मिसळून राहत असल्याने हा सुमारे साडेआठ पट फरक रोग दूषित हवेतून पसरतो या तेव्हाच्या प्रचलित सिद्धांताने उलगडत नाही; ठळकपणे वेगळे होते ते पाणी. पंपाच्या प्रसंगात "साथ आपोआप ओसरली असेल" ही शंका उरते, ती येथे उरत नाही.'

सुटं करून पाहू. पहिलं वाक्य दावा करतं. बाकी परिच्छेद फक्त त्याचीच बाजू लढवतो. दुसरं, तिसरं आणि चौथं वाक्य परिस्थिती सांगतं, पण आकडे कळण्यापुरतीच. पाचवं वाक्य पुरावा देतं, आणि प्रत्यक्ष निबंधात तिथे वर्षापुढे पृष्ठक्रमांकही हवा. सहावं वाक्य आकड्यांचा अर्थ लावतं. सातवं ते सगळं मुख्य विधानाशी जोडतं.

यातलं सहावं वाक्य नवखे लेखक हमखास गाळतात. आकडा दिला की काम झालं असं त्यांना वाटतं. पण ३७ आणि ३१५ हे आकडे आपणहून काही बोलत नाहीत; दुसऱ्या कंपनीचे ग्राहक जास्त गरीब असते तर याच आकड्यांचा अर्थ वेगळा निघाला असता. पुराव्याला लागतील त्याहून कमी शब्द विश्लेषणाला दिले असतील तर परिच्छेद पुन्हा पाहा. ढोबळ हिशेब: एक वाटा पुरावा, तर निदान तेवढंच विश्लेषण.

अवतरणांचंही तसंच. दुसऱ्याचं वाक्य टाकून लगेच पुढच्या मुद्द्याकडे उडी मारू नका. अवतरणाआधी ते कोणाचं आणि कशासाठी, अवतरणानंतर त्यातून काय निघतं, हे आलंच पाहिजे. १५०० शब्दांत तीन-चार छोटी अवतरणं पुष्कळ झाली. मूळ लेखकाचे शब्दच महत्त्वाचे असतील तेव्हाच अवतरण द्या, एरवी आपल्या भाषेत मांडा.

विरोधी बाजू

आपल्या दाव्याविरुद्धचा सर्वांत बळकट मुद्दा शोधा. सर्वांत दुबळा शोधून तो पाडण्यात गुण नाहीत. परीक्षकाला तो डाव चटकन कळतो.

आपल्या विधानाचा दुसरा भाग म्हणतो की खरा पुरावा पंपाचा नाही. याविरुद्ध काय सांगता येईल? बरंच काही. ब्रॉड स्ट्रीटवरच्या बिअर कारखान्यात सत्तरहून अधिक कामगार होते. ते पंपाचं पाणी पीत नसत, आणि साथीतून ते जवळजवळ पूर्ण बचावले. उलट हॅम्पस्टेडमध्ये, सोहोपासून दूर राहणारी एक विधवा त्याच पंपाचं पाणी मुद्दाम मागवत असे. ती कॉलऱ्याने गेली. हा पुरावा चांगलाच वजनदार आहे. मग विधान चुकलं?

अर्धं चुकलं. नीट पाहिलं तर इथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत: पंपाचं पाणी रोग पसरवत होतं का, आणि हँडल काढल्यामुळे साथ थांबली का. कामगार आणि विधवा पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं देतात. दुसऱ्याबद्दल ते काहीच सांगत नाहीत. म्हणून विधान असं दुरुस्त करावं लागतं: 'पंपाचे पाणी रोगाचे कारण होते हे स्नोने पटण्याजोगे दाखवले, पण हँडल काढल्यामुळे साथ थांबली हे त्यातून सिद्ध होत नाही, कृती म्हणून त्या घटनेचे महत्त्व मर्यादित आहे, आणि पाण्याच्या सिद्धांताचा अधिक व्यापक पुरावा दोन कंपन्यांच्या तुलनेत आहे.' लांबलं खरं, पण आता 'कितपत' या शब्दाला नेमकं उत्तर मिळालं. विरोधी बाजू शोधण्याचा फायदा हाच. ती निबंधात एका परिच्छेदापुरती दिसते, पण खरं काम करते ते विधानावर.

प्रस्तावना आणि समारोप

प्रस्तावना शेवटी लिहा किंवा निदान शेवटी बदला. तिच्यात तीनच गोष्टी हव्यात: प्रश्न का उद्भवतो, तुमचं उत्तर काय, आणि ते कोणत्या टप्प्यांनी मांडणार. 'प्राचीन काळापासून मानव रोगांशी झुंज देत आला आहे' अशी वाक्यं काढून टाका. पहिलं वाक्य खोडल्यावर दुसऱ्यापासून निबंध जास्त चांगला सुरू होतो का, हे नेहमी पाहा, बऱ्याचदा होतो. शब्दकोशातली व्याख्या देऊन सुरुवात करण्याचीही तीच गत, त्या व्याख्येवरच वाद असेल तर गोष्ट निराळी.

समारोपात नवा पुरावा आणू नका. मुद्द्यांची उजळणीही एका वाक्यात उरका. उत्तर एकदा स्वच्छ सांगा आणि त्याचा परिणाम दाखवा: हे मान्य केलं तर या साथीची प्रचलित गोष्ट सांगताना काय बदलावं लागेल?

संदर्भ कुठे, कसा

नियम साधा आहे. वाक्यातली माहिती, आकडा, कल्पना किंवा युक्तिवाद दुसऱ्याकडून घेतला असेल तर संदर्भ द्या, शब्द तुमचे असले तरी. लंडन टेम्स नदीच्या काठी आहे, अशा सर्वमान्य गोष्टींना तो लागत नाही. शंका आली तर द्या. जास्तीच्या संदर्भाने फार तर वाक्य जड होतं.

स्वतःच्या शब्दांत मांडणं म्हणजे शब्द बदलणं नव्हे. समजा मूळ लेखात वाक्य आहे: 'भयभीत रहिवाशांनी वस्ती सोडल्यामुळे साथीचा जोर आधीच ओसरला होता.' त्याचं 'घाबरलेल्या लोकांनी परिसर सोडल्याने रोगाची तीव्रता अगोदरच कमी झाली होती' असं केलं तर ती नक्कलच आहे, रचना जशीच्या तशी आणि शब्द तेवढे नवे. संदर्भ दिला तरी ते खटकतं. मूळ मजकूर मिटवा, दहा मिनिटांनी आठवून लिहा, मग ताडून पाहा: 'हँडल काढण्याआधीच मृत्यू का घटले याचे एक कारण स्थलांतर असू शकते, आजारी पडण्याजोगी माणसेच तेथे कमी उरली होती.' आता समजून घेतल्याची खूण दिसते. संदर्भ अर्थात हवाच.

पद्धती अनेक आहेत, आणि कोणती वापरायची हे तुमचा विभाग ठरवतो. एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) पद्धतीत कंसात आडनाव आणि वर्ष येतं. शब्दशः अवतरण असेल तर पृष्ठही. तिच्या सातव्या आवृत्तीनुसार तीन किंवा अधिक लेखक असतील तर पहिल्या उल्लेखापासूनच एक आडनाव आणि 'व इतर'. ४० किंवा त्याहून जास्त शब्दांचं अवतरण वेगळ्या परिच्छेदात, अवतरणचिन्हांशिवाय. एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन) पद्धतीत कंसात आडनाव आणि पृष्ठ, वर्ष नाही. गद्य अवतरण चार ओळींहून लांबलं की वेगळं काढायचं. शिकागोत दोन मार्ग आहेत, तळटीपांचा आणि लेखक-वर्षाचा. इतिहासात तळटीपांचा जास्त चालतो. हार्वर्ड या नावाखाली ठिकठिकाणी थोडे वेगळे नियम दिसतात, म्हणून तिथे आपल्या संस्थेचा नमुनाच प्रमाण माना.

मजकुरात आलेला प्रत्येक संदर्भ सूचीत हवा, आणि एपीए किंवा एमएलए असेल तर सूचीतली प्रत्येक नोंद मजकुरात हवी. झोटेरोसारखं मोफत सॉफ्टवेअर सूची आपोआप तयार करतं, पण त्यात आयात झालेली नावं, वर्षं आणि खंड-अंक हातानेच तपासावे लागतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने सुचवलेला संदर्भ तर मूळ लेख उघडून पाहिल्याशिवाय कधीच वापरू नका. अस्तित्वात नसलेले लेख ती साधनं अगदी खरे वाटतील अशा थाटात देतात.

मराठीत लिहिताना

हा लेख बोलीच्या वळणाने लिहिला आहे. निबंधात मात्र 'असतं', 'केलं' ऐवजी 'असते', 'केले' ही लेखी रूपं वापरा, आणि एकदा धरलं ते शेवटपर्यंत धरा.

शाळेत शिकवलेला 'तोच शब्द पुन्हा नको' हा नियम इथे घातक ठरतो. एकदा 'लागण', मग 'संसर्ग', मग 'प्रादुर्भाव' असं सौंदर्यासाठी बदलत गेलात तर वाचणाऱ्याला त्या तीन वेगळ्या संकल्पना वाटतात. संज्ञा एक ठरवा, पहिल्यांदा येईल तेव्हा तिचा अर्थ सांगा आणि मग बिनधास्त पुन्हा-पुन्हा वापरा. परकीय नावांचंही तसंच: 'साउथवर्क' की 'सदर्क', हे एकदाच ठरवा.

आदरार्थी बहुवचन हा मराठीचा खास सापळा. 'स्नो यांनी अधिकाऱ्यांना सांगितले आणि त्यांनी हँडल काढले.' कोणी? व्यक्तींचा उल्लेख एकवचनी करायचा की आदरार्थी, दोन्ही चालतं. पण निवड एकच ठेवा, आणि सर्वनाम संदिग्ध झालं की सरळ नाव लिहा.

'करण्यात आले', 'आढळून येते', 'असे दिसून येते' यांच्यामागे कर्ता लपतो. कोणी केलं हे ठाऊक असेल तर सांगा. 'असे म्हटले जाते' लिहिलंत तर परीक्षक समासात 'कोण म्हणते?' असं लिहिणार. दुसऱ्या टोकाला 'निःसंशय', 'नक्कीच', 'कधीच नाही' हे शब्दही जपून वापरा. पुरावा जेवढा तेवढाच आवाज: 'सूचित होते', 'शक्यता बळावते', 'सिद्ध होते' या तीन पायऱ्या आहेत, आणि तिसरी क्वचितच हाताला लागते.

क्रियापद शेवटी येत असल्याने मराठी वाक्य लांबलं की वाचणाऱ्याला अर्थासाठी शेवटपर्यंत श्वास धरावा लागतो. पंचवीस शब्दांपुढे वाक्य गेलं की तोडता येतं का ते पाहा. 'ज्यांनी... ज्यामुळे... जे...' अशी साखळी दिसली तर तोडाच.

खर्डा झाल्यावर

खर्डा संपल्यावर एक दिवस त्याकडे पाहू नका. एकूण दहा दिवस हातात असतील तर चार वाचनाला, एक आराखड्याला, दोन लिहायला, एक विसाव्याला, दोन दुरुस्तीला, अशी वाटणी जमते. दुरुस्तीचे दोन दिवस वाचनात खर्ची पडू देऊ नका. बहुतेकांचे तिथेच जातात.

दुरुस्ती मोठ्याकडून लहानाकडे करा. ऱ्हस्व-दीर्घ सुधारत बसलात आणि मग तो परिच्छेदच काढावा लागला तर श्रम वाया. पहिल्या फेरीत उलटा आराखडा काढा: प्रत्येक परिच्छेद वाचून तो प्रत्यक्षात काय म्हणतो ते समासात एका वाक्यात लिहा. वाक्य लिहिता येत नसेल तर परिच्छेदात मुद्दा नाही. दोन वाक्यं लागत असतील तर परिच्छेद दोन करा. मग ती वाक्यं मुख्य विधानासमोर ठेवा. ज्याचा त्याच्याशी संबंध लागत नाही ते काढा, कितीही आवडतं असलं तरी. कापलेलं वेगळ्या फाइलमध्ये ठेवलं की कापताना हात थरथरत नाही.

दुसऱ्या फेरीत पुरावे: प्रत्येक आकडा, तारीख आणि अवतरण मूळ स्रोताशी ताडून पाहा. तिसऱ्या फेरीत मोठ्याने वाचा. जिथे अडखळता तिथे वाक्य बिघडलेलं आहे. चौथी फेरी शुद्धलेखनाची, आणि ती शेवटच्या वाक्याकडून पहिल्याकडे करा. अर्थाचा ओघ तुटला की डोळ्याला अक्षरं दिसतात. ती झाली की सूचीतली नावं एकेक करून मजकुरात शोधा, शब्दसंख्या मोजा, पृष्ठक्रमांक आहेत का पाहा आणि फाइल मागितलेल्या स्वरूपात जतन करून एकदा उघडून पाहा. देवनागरी फॉन्ट दुसऱ्या संगणकावर तुटतो तो बहुधा याच पायरीला.